बिनतारी बिल्ला कोणाच्या गळ्यात?

‘लीन’ उत्पादनपद्धती, मागोवा घेणारे नवे तंत्र आणि कामगार
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कारखान्याच्या फाटकातून दर पाळीला दोन गोष्टी आत जातात : माल आणि माणूस. मालाबरोबर कागदाची चिठ्ठी जात असे आणि माणसाची हजेरी फाटकावरच्या घड्याळात लागत असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या दोन्ही नोंदी एका नव्या साधनाकडे जाऊ लागल्या आहेत. बोटभर लांबीची एक पट्टी, तिच्यात तिळाहूनही लहान चिप आणि धातूच्या पातळ पत्र्याची अँटेना, एवढेच हे साधन. ही पट्टी पेटीला, ट्रॉलीला, साच्याला किंवा माणसाच्या ओळखपत्राला लावली की ती वस्तू वा व्यक्ती कारखान्याच्या कोणत्या भागात केव्हा होती, याची नोंद बिनतारी लहरींच्या साह्याने संगणकात आपोआप होत राहते. या पट्टीला सर्वत्र ‘टॅग’ म्हणतात.

व्यवस्थापनाचा दावा असा की, या तंत्रामुळे कारखान्यातील उधळपट्टी उघडी पडते आणि उत्पादन काटकसरीने होते. हा दावा खोटा नाही, तथापि तो अपुरा आहे. उधळपट्टी म्हणजे नेमके काय, ती कोणाच्या निर्णयांतून उद्भवते आणि ती वाचल्यानंतर हाती आलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, या तीन प्रश्नांची उत्तरे टॅग देत नाही. ती उत्तरे शोधणे हे कामगार संघटनांचे काम आहे. त्यासाठी प्रथम तंत्राचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

तंत्राचे स्वरूप

या तंत्राचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. रडारवर दिसणारे विमान स्वपक्षाचे की शत्रूचे, हे ओळखण्यासाठी विमानांत बिनतारी उत्तर देणारी यंत्रे बसविण्यात आली होती. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींच्या द्वारे संदेशवहन करण्याच्या कल्पनेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये अमेरिकेत या प्रकारच्या टॅगची पेटंटे दिली गेली. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेत स्थापन झालेल्या केंद्राने स्वस्त टॅगच्या प्रसाराला चालना दिली. पुढे २००३ मध्ये वॉलमार्ट या व्यापारी कंपनीने आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत मालाच्या खोक्यांना टॅग लावण्यास फर्मावले, आणि प्रयोगशाळेतील वस्तू बाजारात आली.

भारतात २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला. आज हे तंत्र कोणालाही अपरिचित नाही. मोटारीच्या काचेवरील फास्टॅग हा याच जातीचा टॅग होय. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला. त्यात बॅटरी नसते. वाचक यंत्राने सोडलेल्या लहरींतूनच चिप आपल्यापुरती ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक परावर्तित करते. म्हणून असा टॅग काही रुपयांत मिळतो. मात्र तो ‘या दारातून गेला’ एवढेच सांगतो. दोन दारांच्या मधल्या जागेत तो कोठे आहे, हे त्याला सांगता येत नाही.

सतत ठावठिकाणा हवा असेल तर बॅटरी असलेले टॅग लागतात. ब्लूटूथवर चालणारे साधे टॅग काही मीटरच्या अचूकतेने जागा सांगतात. ‘अल्ट्रा-वाइडबँड’ म्हणून ओळखले जाणारे टॅग अतिसूक्ष्म कालावधीचे स्पंद सोडतात. लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. त्यामुळे प्रवासाचा काळ तितक्या बारकाईने मोजला की टॅगची जागा वीतभर अंतराच्या अचूकतेने निश्चित होते. या तंत्रालाही मर्यादा आहेत. धातूच्या पृष्ठभागावरून लहरी परततात, पाणी आणि तेल त्या शोषून घेतात. कारखाना तर धातूने आणि तेलानेच भरलेला असतो. चुकीची वा हुकलेली नोंद हा या व्यवस्थेचा नित्याचा दोष आहे. पेटीच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक ठरते. माणसाच्या बाबतीत तिच्यावरून कारणे दाखवा नोटीस निघू शकते.

‘लीन’ची जन्मकथा

हे तंत्र ज्या उत्पादनपद्धतीच्या सेवेत राबविले जाते तिला ‘लीन’ म्हणतात. मराठीत लीन म्हणजे नम्र. परंतु येथील इंग्रजी शब्दाचा अर्थ चरबी नसलेला, सडपातळ असा आहे. एमआयटीच्या मोटार-उद्योग संशोधन प्रकल्पातील जॉन क्राफचिक यांनी १९८८ मध्ये हा शब्द वापरला आणि १९९० च्या एका गाजलेल्या पुस्तकाने तो जगभर नेला. तथापि ती पद्धत अमेरिकेची नव्हे, तर जपानमधील टोयोटा कंपनीची. आणि टोयोटाचे मूळ मोटारीत नसून मागात आहे.

साकिची टोयोडा यांच्या कारखान्यातील १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. प्रत्येक मागापाशी पहारा देणारा कामगार त्यामुळे अनावश्यक ठरला आणि एकाच कामगाराकडे अनेक माग सोपविणे शक्य झाले. टोयोटा पद्धतीचे शिल्पकार ताइची ओनो १९३२ मध्ये याच उद्योगसमूहाच्या सूत-कापड गिरणीत नोकरीस लागले आणि १९४३ मध्ये मोटार कारखान्यात आले. युद्धानंतर त्यांनी गिरणीतील धडा यंत्रशाळेत लावला : एका कामगाराकडे एकाऐवजी दोन, नंतर तीन-चार यंत्रे.

मुंबईच्या गिरणगावाला ही भाषा परकी नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या काही गिरण्यांत ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली विणकराला दोनऐवजी तीन माग देण्याचा प्रयत्न झाला. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी जो सार्वत्रिक संप केला आणि ज्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, त्याच्या मुळाशी वेतनकपातीइतकीच ही सुसूत्रीकरणाची योजनाही होती. कामगारांचा विरोध नव्या मागाला नव्हता. एक मनुष्य जास्त माग सांभाळणार असेल तर मजुरी किती वाढणार आणि ज्यांचे माग काढून घेतले त्यांचे काय होणार, एवढेच ते विचारीत होते.

जपानमध्येही हाच प्रश्न उभा राहिला. १९५० मध्ये आर्थिक अरिष्टात सापडलेल्या टोयोटात दीर्घ संप झाला; दीड हजाराहून अधिक कामगारांना कारखाना सोडावा लागला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्याच उन्हाळ्यात कोरियाचे युद्ध सुरू होऊन अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या मागण्या आल्या. त्या मागण्या कमी झालेल्या कामगारसंख्येवरच पुऱ्या करण्यात आल्या. ओनो यांची पद्धत याच परिस्थितीत आकाराला आली. भांडवल कमी, साठा ठेवण्यास पैसा नाही, नवा कामगार घ्यावयाचा नाही, या तिन्ही अटी तिच्या घडणीत कायमच्या मुरल्या.

ओनो यांनी उधळपट्टीचे सात प्रकार सांगितले : अतिउत्पादन, वाट पाहणे, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. यांतील अतिउत्पादन त्यांनी सर्वांत घातक मानले, कारण त्यातून इतर दोष जन्मतात. त्यावर उपाय म्हणून ‘कानबान’ ही चिठ्ठी आली. पुढच्या विभागाने पेटी रिकामी केली की तिच्याबरोबरची चिठ्ठी मागच्या विभागाकडे परत जाते. चिठ्ठी आल्याशिवाय मागच्या विभागाने एकही नग बनवावयाचा नाही. बिनतारी टॅग म्हणजे या चिठ्ठीचाच नवा अवतार होय. रिकामी पेटी दारातून गेली की वाचक यंत्र तिचा क्रमांक टिपते आणि नव्या मालाची मागणी भांडाराकडे आपोआप पोहोचते. चिठ्ठी हरवणे, विसरणे, उशिरा पोहोचणे हे दोष त्यामुळे टळतात.

टॅग मालाला लावला तर काय दिसते?

या ठिकाणी तंत्राची खरी उपयुक्तता मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. उदाहरणादाखल एक यंत्रशाळा घ्यावी. तेथे तासाला १०० नग तयार होतात आणि निरनिराळ्या यंत्रांपाशी अर्धवट अवस्थेतील ६०० नग पडून आहेत. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम सांगतो की, सरासरी प्रत्येक नग या शाळेत ६ तास, म्हणजे ३६० मिनिटे राहणार. आता त्या नगावर सर्व यंत्रांवर मिळून होणारे प्रत्यक्ष काम १२ मिनिटांचे आहे असे समजू. याचा अर्थ उरलेली ३४८ मिनिटे, म्हणजे शेकडा ९६ हून अधिक काळ, नग नुसता पडून असतो.

ही ३४८ मिनिटे कोठे जातात हे टॅगवरून नेमके कळते. नग उष्णतोपचाराच्या भट्टीपुढे रांगेत असतो, कारण भट्टीची तुकडी मोठी ठरविलेली असते. साचा बदलण्यास वेळ लागतो म्हणून एकाच प्रकारचे नग ढिगाने काढून ठेवलेले असतात. मोजमापाचे गेज दुसऱ्या विभागात गेलेले असते आणि पाळीतला माणूस ते शोधत फिरत असतो. फोर्कलिफ्ट एकच असते आणि ती दुसऱ्या टोकाला असते. महिन्याच्या अखेरीस विक्री विभागाची निकड येते आणि अर्धवट तुकडी बाजूला सारून दुसरी चढविली जाते.

यांपैकी कोणतीही गोष्ट यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या हातची नाही. तुकडीचा आकार, यंत्रांची मांडणी, साधनांची संख्या, कामाचा क्रम हे सारे निर्णय कार्यालयात होतात. कारखान्यातील वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय हा नियोजनाचा अपव्यय आहे, ही गोष्ट मालाला लावलेला टॅग पुराव्यानिशी दाखवून देतो. अवजार शोधण्यासाठी करावी लागणारी पायपीट वाचली, जड ट्रॉली दोनदा ओढावी लागली नाही, चुकीचा नग जोडला जाऊन पुन्हा उघडावा लागला नाही, तर कामगाराचेही कष्ट कमी होतात. सुधारणेला आंधळा विरोध करणे हे कामगार चळवळीचे धोरण असू शकत नाही.

टॅग माणसाला लावला तर काय होते?

मालाच्या टॅगवरून जे दिसते ते अनेकदा व्यवस्थापनालाच अडचणीचे असते. म्हणून नजर हळूहळू मालावरून माणसाकडे वळविली जाते. या वळणाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

फ्रेडरिक टेलर यांचा ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’वरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी, स्टॉपवॉच घेऊन पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या निषेधार्थ काम बंद ठेवले. प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे गेले. पुढे सरकारी शस्त्रागारांत कामगारांवर स्टॉपवॉच लावण्यासाठी सरकारी पैसा खर्च करण्यास संसदेने बंदी घातली आणि ती १९४९ पर्यंत टिकली. याच काळात फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ हे दांपत्य कामगाराच्या बोटांना लहान दिवे बांधून हातांच्या हालचालींच्या प्रकाशरेषा छायाचित्रात टिपत होते. जानेवारी २०१८ मध्ये ॲमेझॉन या कंपनीला, कामगाराच्या मनगटावरील पट्टीवरून त्याचा हात कोणत्या कप्प्याजवळ आहे हे ओळखणाऱ्या यंत्रणेचे पेटंट अमेरिकेत मिळाले. पेटंट म्हणजे प्रत्यक्ष वापर नव्हे, हे खरे. परंतु बोटावरच्या दिव्यापासून मनगटावरच्या पट्टीपर्यंतची दिशा एकच आहे.

फरक पडला तो प्रमाणात. स्टॉपवॉचवाला माणूस दिवसातून एकदा, एखाद्या कामगारापाशी उभा राहत असे आणि तो दिसत असे. त्याच्यासमोर काम कोणत्या गतीने करावयाचे, हे कामगारांना अनुभवाने ठाऊक होते. टॅग मात्र प्रत्येकापाशी, प्रत्येक पाळीत, न दिसता हजर असतो. शौचालयात गेलेली मिनिटे, शेजारच्या यंत्रावरील सोबत्याला मदत करण्यात गेलेली मिनिटे, संघटनेच्या प्रतिनिधीशी बोलण्यात गेलेली मिनिटे ही सर्व त्याच्या दृष्टीने एकाच रकान्यात पडतात : जागेवर नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. फ्रान्समधील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २७ डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने ॲमेझॉनच्या तेथील गोदाम-कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड ठोठावला. कामगारांच्या हातातील बिनतारी स्कॅनरच्या नोंदींवरून तेथे तीन प्रकारची मापे काढली जात. एक वस्तू स्कॅन केल्यानंतर १.२५ सेकंदांच्या आत दुसरी स्कॅन केली तर ती घाईची चूक. स्कॅनर १० मिनिटे वा अधिक स्तब्ध राहिला तर तो निष्क्रिय काळ. आणि १ ते १० मिनिटांचा खंड पडला तर तोही वेगळा नोंदलेला. घाई केली तरी दोष आणि थांबला तरी दोष, अशी ही कात्री होती. कामगाराला प्रत्येक विरामाचे समर्थन करावे लागण्याची शक्यता निर्माण होते, म्हणून ही देखरेख त्या प्राधिकरणाने अतिरेकी ठरविली.

भारतात हीच गोष्ट कारखान्यापूर्वी रस्त्यावर दिसली. २०२० च्या सुमारास चंदीगढ, पंचकुला, नागपूर यांसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर उपग्रहाद्वारे ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधण्यात आली. ज्या कामगारांना हातमोजे आणि गमबूट वेळेवर मिळण्यासाठी झगडावे लागते, त्यांच्यासाठी घड्याळांचा पैसा मात्र उपलब्ध झाला.

नऊ सेकंदांचा हिशेब

प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. तो वेतनाचा आणि नोकरीचाही आहे. साधा हिशेब करून पाहावा. ४८० मिनिटांची पाळी, त्यात ३० मिनिटांची सुट्टी. काम ४५० मिनिटे. जोडणीच्या साखळीवर दर ६० सेकंदांना एक नग बाहेर पडतो, म्हणजे पाळीत ४५० नग. आता मागोवा घेणाऱ्या यंत्रणेने प्रत्येक फेरीतील ९ सेकंद ‘निरर्थक’ ठरविले आणि फेरी ५१ सेकंदांवर आणली. पाळीचे उत्पादन ५२९ नगांवर जाते. ७९ नग अधिक; वेतन तेच. बाजारात तेवढी मागणी नसेल तर दुसरा मार्ग आहे : उत्पादन ४५० वरच ठेवावयाचे आणि २० कामगारांची साखळी १७ जणांवर चालवावयाची. तीन माणसे बाहेर.

ते ९ सेकंद कशाचे होते, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यांतील काही सेकंद पेटीपर्यंत चालत जाण्याचे होते. पेटी जवळ आली तर ते वाचणे इष्टच आहे. परंतु उरलेले सेकंद खांदा सैल करण्याचे, घाम पुसण्याचे, पुढचा नग नजरेखालून घालण्याचे होते. संगणकाला हे दोन प्रकारचे सेकंद सारखेच दिसतात. कार्ल मार्क्स यांनी ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, १८६७ मध्ये, कामाचे तास लांबविणे आणि त्याच तासांत अधिक श्रम कोंबणे यांत स्पष्ट भेद केला होता. कायद्याने तासांवर मर्यादा घातली की मालकवर्ग दुसऱ्या मार्गाकडे वळतो, हे त्यांनी इंग्लंडच्या गिरण्यांवरून दाखवून दिले. जपानी पत्रकार सातोशी कामाता यांनी सप्टेंबर १९७२ पासून सहा महिने टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि १९७३ मध्ये त्याचे वृत्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. साखळीची गती माणसाच्या शरीराला कशी पिळून काढते, हे जगाला त्यातून कळले.

आणि जो साठा, जी उसंत ‘चरबी’ म्हणून कापली जाते, ती नेहमी चरबीच असते असेही नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया येथील आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधील एक लहानशी झडप जवळजवळ सर्वस्वी याच कारखान्यातून येत असे आणि टोयोटापाशी तिचा साठा काही तासांपुरताच होता. जपानमधील टोयोटाच्या साखळ्या बंद पडल्या. अनेक लहान-मोठ्या पुरवठादारांच्या कुशल कामगारांनी मिळेल त्या यंत्रावर झडपा बनवून आठवडाभरात उत्पादन पूर्ववत केले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी तर सुटे भाग मागविणाऱ्या संगणकात जागा अपुरी पडली म्हणून टोयोटाचे जपानमधील १४ कारखाने थांबले. साठ्याला जशी आगीच्या दिवसासाठी थोडी शिल्लक लागते, तशीच माणसाच्या शरीरालाही लागते. शिल्लक उसंत नसलेल्या कामगाराकडून अपघात होतात, आणि ते त्याच्याच अंगावर येतात.

जेथे माणसाला टॅग लावणे योग्य ठरते

तथापि माणसाला टॅग लावणे सर्वथा गैर आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील सागो कोळसा खाणीत स्फोट झाला आणि १२ खाणकामगार मृत्युमुखी पडले. अडकलेले कामगार नेमके कोठे आहेत हे बचाव पथकाला कळू शकत नव्हते. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने भूमिगत कोळसा खाणींत बिनतारी संपर्काची आणि कामगारांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्रणेची तरतूद करणे खाणमालकांना बंधनकारक केले. फोर्कलिफ्ट माणसाच्या जवळ येताच दोघांनाही इशारा देणारे टॅग, आग लागल्यास कोणत्या विभागात किती माणसे उरली हे सांगणारे टॅग, हेही याच वर्गात येतात.

खाण आणि गोदाम यांत यंत्र जवळजवळ एकच आहे. हेतू आणि हुकमत वेगळी आहे. एका ठिकाणी नोंद कामगाराचा जीव वाचविण्यासाठी आहे आणि संकट टळले की तिचे काम संपते. दुसऱ्या ठिकाणी ती साठवून ठेवली जाते आणि त्याच्याविरुद्ध वापरली जाते. म्हणून प्रत्येक टॅगविषयी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत : तो कशाला लावला आहे, त्याची नोंद कोण पाहतो, आणि ती किती दिवस राहते.

कायदा कोठपर्यंत साथ देतो?

जर्मनीत १९७२ पासून लागू असलेल्या कारखाना-समितीविषयक कायद्याच्या कलम ८७ अन्वये, कामगारांच्या वर्तनावर वा कामावर देखरेख करू शकणारे तांत्रिक साधन बसविण्यापूर्वी कामगारांच्या निर्वाचित समितीची संमती घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार मोठ्या गोदामांतील कामगारांना कामाचा कोटा लेखी कळवावा लागतो, आणि जेवणाची सुट्टी वा शौचालयाला जाणे अशक्य करणारा कोटा लादता येत नाही.

भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ अन्वये सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस आवश्यक होती. कामगार कपात होण्याचा संभव असलेले सुसूत्रीकरण आणि तंत्रसुधारणा, कामाचे तास व विश्रांतीची मध्यंतरे, शिस्तीचे नवे नियम, हे विषय त्या नोटिशीच्या यादीत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. मात्र ही नोटीस आहे, संमती नव्हे. शिवाय कपात न करता केवळ कामाची तीव्रता वाढविली तर मालक नोटीस टाळू पाहणार, हे उघड आहे. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानेही नोकरीच्या प्रयोजनासाठी माहितीचा वापर संमतीविना करण्यास वाट ठेवली आहे. म्हणजे कायद्याचा दरवाजा अर्धाच उघडा आहे. उरलेला अर्धा सामुदायिक करारानेच उघडावा लागेल.

हा प्रश्न मोठ्या मोटार कारखान्यांपुरताही राहिलेला नाही. १९८२ मध्ये मारुती आणि सुझुकी यांच्यातील करारानंतर जपानी पद्धती गुरगावात आल्या आणि पुरवठादारांच्या साखळीतून चाकण, पिंपरी, होसूर, श्रीपेरुंबुदूरपर्यंत पोहोचल्या. १० मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने लघु व मध्यम उद्योगांसाठी ‘लीन’ योजना नव्याने सुरू केली. सल्लागारांच्या शुल्काचा ९० टक्के भाग सरकार, म्हणजे करदाता, उचलतो. ज्या सुधारणेचा खर्च जनतेच्या पैशातून होतो, तिच्या फायद्यात कामगाराचा वाटा मागणे ही याचना नव्हे.

काय मागावयाचे?

यंत्र बसण्यापूर्वीच पुढील मुद्दे करारात आले पाहिजेत.

एक, टॅग मालाला, पेटीला, अवजाराला लागावा. माणसाला तो केवळ सुरक्षिततेसाठी, आणि तोही वेगळ्या यंत्रणेत.

दोन, व्यक्तिगत नोंदींवरून शिक्षा, बढती वा वेतन ठरविले जाऊ नये. नोंदी ठराविक मुदतीत नष्ट व्हाव्यात.

तीन, मालाच्या हालचालींच्या नोंदी कामगार प्रतिनिधींनाही पाहता याव्यात. माल कोठे आणि का अडला, साखळीची गती केव्हा वाढविली, सुट्टी केव्हा कापली, याचा पुरावा त्यांच्याही हाती असला पाहिजे.

चार, वाचलेल्या वेळेपोटी कोणाचीही नोकरी जाऊ नये, आणि त्या वेळेचा निश्चित भाग विश्रांतीच्या व वेतनाच्या रूपाने परत यावा.

पाच, हे सारे कंत्राटी, हंगामी आणि शिकाऊ कामगारांनाही लागू असावे. ज्याचा आवाज सर्वांत क्षीण, त्याच्याच गळ्यात बिल्ला आधी पडतो.

१९२८ चा विणकर मागावर रुसलेला नव्हता. तिसऱ्या मागाचे कापड कोणाच्या गाठोड्यात जाणार, एवढेच त्याने विचारले होते आणि त्या प्रश्नासाठी सहा महिने उपासमार सोसली होती. आजचा प्रश्न नऊ सेकंदांचा आहे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते मोजण्याची जबाबदारी अधिक मोठी. टॅग मालकाच्या बाजूने मोजणारच. कामगारांच्या बाजूने मोजणारे कोणी प्रत्येक खात्यात तयार झाले, तर हे यंत्र उधळपट्टी कमी करील आणि माणसाचे कष्टही हलके करील.